अर्ध्या इंचाची सत्ता : सायकलच्या साखळीची कथा

घाटाचा चढ लागावा, स्वारानें बसकेवरून उठून पायडलावर सारा भार द्यावा आणि नेमक्या त्याच क्षणीं मागच्या चाकाशीं ‘कट्’ असा आवाज होऊन साखळी दांत्यांवरून घसरावी, हा प्रसंग सायकलवर दूरचा प्रवास करणाऱ्या पुष्कळांस ठाऊक असतो. पाय पोकळींत गेल्यासारखा होतो, छाती दांड्यावर आदळते आणि तोल सांवरला नाहीं तर स्वार रस्त्यावर येतो. मग दोष दिला जातो तो रस्त्याला, चाकाला किंवा कालच सायकल दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराला. साखळीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. पाहिलें तरी ती तुटलेली नसते, वांकलेली नसते. तिचें तेलपाणीहि कित्येकदां व्यवस्थित झालेलें असतें. तिच्यांत एकच फरक पडलेला असतो. ती थोडी लांब झालेली असते, आणि तीहि बारा इंचांमागें फार तर एक अष्टमांश इंच!

एवढ्याशा फरकानें शर्यतीची उंची सायकल निकामी कां व्हावी, आणि जुनी साखळी काढून नवी चढवितांना कोणतें पथ्य पाळावें, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें साखळीच्या इतिहासांत सांपडतात. हा इतिहास मोठमोठ्या शोधांच्या यादींत क्वचितच येतो. परंतु दोन चाकांवर बसून मनुष्य स्वतःच्या बळानें जें अंतर तोडतो, त्याचा सारा हिशेब ह्या काळ्या, तेलकट वस्तूच्या हातीं आहे.

साखळीनें एका चाकाची गति दुसऱ्या चाकास द्यावी, ही कल्पना फार जुनी आहे. चीनमधील कैफेंग शहरीं अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सुंग ह्या विद्वान अधिकाऱ्यानें पाण्यावर चालणारें एक प्रचंड घड्याळ उभारलें. त्यांत वरच्या मजल्यावरील खगोलयंत्रास गति देण्यासाठीं साखळीची योजना होती. इटलींतील लिओनार्दो दा व्हिंची यानें आपल्या वह्यांत सांध्यासांध्यांत वळणाऱ्या साखळ्यांचीं रेखाटनें केलीं. ह्यांपैकीं कांहीं वह्या माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत दीर्घकाळ नजरेआड राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत पुन्हा हातीं लागल्या. फ्रान्समध्यें १८२९ सालीं आंद्रे गाल या पदकें कोरणाऱ्या कारागिरानें पट्ट्या आणि खिळे यांची एक सुबक साखळी तयार केली. ती आजहि त्याच्याच नांवानें ओळखली जाते. ह्या सर्व साखळ्या वजन उचलण्यास किंवा सावकाश फिरणारें यंत्र चालविण्यास पुरेशा होत्या. वेगानें, रात्रंदिवस फिरणें हें त्यांचें काम नव्हतें. तसें काम करावें लागलें कीं त्यांचे सांधे पाहतां पाहतां झिजत.

वेगाची ही गरज प्रथम उत्पन्न झाली ती सायकलमुळें नव्हे, तर कापडाच्या गिरण्यांमुळें. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड गांवीं जेम्स स्लेटर हा गृहस्थ गिरण्यांतील यंत्रांसाठीं साखळ्या बनवीत असे. त्यानें १८६४ सालीं एका नव्या साखळीचें पेटंट घेतलें. तींत खिळ्यांवर फिरते रूळ बसविले होते. त्यामुळें चक्राचा दांता खिळ्यावर घासण्याऐवजीं रुळावर टेके आणि रूळ फिरे. ही मोठीच सुधारणा होती. पण एक दोष राहून गेला. आंतल्या पट्टीचें भोंक थेट खिळ्यावर फिरत असे आणि पट्टीची जाडी ती केवढी? साखळीवरील सगळा ताण त्या अरुंद कडेवर पडे, आणि थोड्याच दिवसांत खिळ्यावर खांच पडे.

१८७३ सालीं स्वित्झर्लंडमधील आराउ गांवचा एक तरुण मँचेस्टरला आला. त्याचें नांव हान्स रेनॉल्ड. त्याचा जन्म १८५२ चा. १८७९ सालीं त्यानें स्लेटरचा तो लहानसा कारखाना विकत घेतला आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८८० सालीं, त्या साखळींतील उणीव भरून काढली. त्याची युक्ति ऐकण्यास अगदीं साधी आहे. आंतल्या दोन पट्ट्यांना जोडणारी एक बारीक पोलादी नळी त्यानें पक्की बसविली. तिला कारागीर बुश म्हणतात. खिळा ह्या नळीच्या आंत फिरूं लागला आणि रूळ तिच्या बाहेरून फिरूं लागला. जो ताण पूर्वीं पट्टीच्या कडेवर पडे, तो आतां नळीच्या सबंध लांबीवर पसरला. भार तोच, पण तो वाहणारी जागा कितीतरी अधिक. झिजण्याचें थांबलें नाहीं, कारण घर्षण आहे तेथें झीज आहेच; परंतु ती सावकाश, सारखी आणि आधींच ओळखतां येण्याजोगी झाली. रेनॉल्डनें न झिजणारी साखळी शोधली नाहीं. जिची झीज मोजतां येते अशी साखळी त्यानें शोधली. पुढील सर्व कथा ह्या एका गोष्टीभोंवतीं फिरते.

त्या काळीं रस्त्यावर दिसणाऱ्या सायकलला साखळी नव्हतीच. पुढचें चाक पुरुषाच्या छातीएवढें उंच, मागचें चाक लहानसें आणि पायडलें पुढच्या चाकाच्या आंसालाच जोडलेलीं, अशी तिची ठेवण होती. पाय एकदां फिरला म्हणजे चाक एकदां फिरणार. तेव्हां वेग वाढवावयाचा तर चाक मोठें करण्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि चाकाची मर्यादा ठरे ती स्वाराच्या पायाच्या लांबीनें. वाटेंत धोंडा आला कीं स्वार डोक्यावर पडे. साखळीनें ही अडचण दूर केली. पुढील दंतचक्रास ४४ दांते, मागील चक्रास १८ दांते आणि चाक २८ इंचांचें असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल एवढी पुढें जाते कीं जणूं तिचें चाक सुमारें ६८ इंच व्यासाचें आहे. असल्या चाकावर बसून ज्याचे पाय पायडलांस पोंचतील असा मनुष्य मिळणें कठीण. हॅरी लॉसन यानें १८७९ सालीं मागच्या चाकास साखळीनें गति देणारी सायकल पुढें आणली. तथापि लोकांनीं जिला खऱ्या अर्थानें स्वीकारलें ती कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’. तिचें साल १८८५. जवळजवळ सारखीं दोन चाकें, मध्यें पायडलें आणि मागच्या चाकास गति देणारी साखळी हें तिचें रूप पाहिलें म्हणजे आजच्या सायकलची मूळ आकृति पाहिल्यासारखें होतें. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप यानें हवा भरलेल्या धांवा काढल्या आणि ह्या बुटक्या सायकलपुढें उंच सायकल टिकली नाहीं.

आरंभींच्या पुष्कळ सायकलींवर मात्र रेनॉल्डच्या पद्धतीची साखळी नसे. त्यांवर ठोकळ्यांची साखळी असे. एक भरीव पोलादी ठोकळा, मग दोन पट्ट्या, मग पुन्हा ठोकळा, अशी तिची गुंफण असून तिचें एक पूर्ण पाऊल एक इंचाचें असे. ती बळकट होती, करण्यास सोपी होती आणि शर्यतींच्या मैदानावर ती पुष्कळ वर्षें टिकली. पण तींत रूळ नव्हते. दांता ठोकळ्यावर घासत जाई. उलट रुळांच्या साखळींत दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच ठेवतां आलें. पाऊल लहान झालें म्हणजे त्याच व्यासाच्या चक्रावर अधिक दांते बसतात, भार अधिक दांत्यांवर वांटला जातो आणि चाल मऊ होते. हळूहळू सगळ्या जगानें अर्धा इंच, म्हणजे १२·७ मिलिमीटर, हें माप मान्य केलें. ज्या देशांत इंच हें माप लोक विसरून गेले आहेत, तेथेंहि सायकलची साखळी अर्ध्या इंचाचीच असते. पुण्याच्या रस्त्यांवर एके काळीं ज्या जड, काळ्या सायकलींचे तांडे दिसत, त्यांची साखळी आणि आजच्या हलक्या शर्यतीच्या सायकलची साखळी ह्यांत रुंदीचा फरक आहे; पावलाचा नाहीं.

ह्या साखळीवर लोकांचा किती विश्वास बसला होता, ह्याचें एक उदाहरण सायकलच्या बाहेरचें आहे. अमेरिकेंतील डेटन शहरीं सायकली बनविणारे व दुरुस्त करणारे राइट बंधु यांनीं १९०३ सालीं जें विमान उडविलें, त्यांत यंत्राची शक्ति दोन पंख्यांपर्यंत नेण्यासाठीं त्यांनीं साखळ्यांचीच योजना केली होती. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध दिशांस फिरावे म्हणून त्यांपैकीं एक साखळी इंग्रजी आठाच्या आंकड्याप्रमाणें पीळ देऊन बसविली होती.

परंतु जेथें नवें यंत्र येतें, तेथें त्याच्या मागोमाग चमत्काराचें आश्वासनहि येतें. विल्यम सिंप्सन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८९५ च्या सुमारास एक विलक्षण साखळी विक्रीस काढली. तिच्या कड्या त्रिकोणी होत्या. त्रिकोणांची आंतली बाजू पुढच्या चक्रावर बसे आणि बाहेरचीं टोकें मागचें चक्र फिरवीत. ह्या त्रिकोणांमुळें तरफेचा लाभ मिळतो, म्हणून तेवढ्याच श्रमांत स्वारास अधिक वेग मिळेल, असा त्याचा दावा होता. जाणत्यांनीं हंसून सांगितलें कीं तरफ बळ वाढवील तर अंतर घटवील. दोन्ही एकदम वाढवून देणारी तरफ जगांत नाहीं. तेव्हां सिंप्सननें एकास दहा अशी पैज लावून जाहीर आव्हान दिलें.

ही पैज १८९६ च्या जून महिन्यांत लंडनच्या कॅटफर्ड येथील धांवपट्टीवर लागली. हजारों लोक जमले. सिंप्सनच्या बाजूस जिमी मायकल, टॉम लिंटन आणि फ्रान्सचा कॉन्स्तां युरे यांच्यासारखे नामांकित स्वार होते. शिवाय त्याकाळच्या रिवाजाप्रमाणें स्वारापुढें राहून वारा अडविणारे वाटाडे असत. अनेक माणसांनीं मिळून चालवावयाच्या लांबलचक सायकलींवरून ते पुढें धांवत आणि स्वार त्यांच्या आडोशास राही. सिंप्सननें पॅरिसहून उत्तमांतले उत्तम वाटाडे आणले होते. एकंदरींत सरशी त्याच्या पक्षाची झाली आणि साखळीचा डंका वाजला. प्रसिद्ध चित्रकार तुलूज-लोत्रेक यानें तिच्यासाठीं जाहिरातीचें चित्र काढलें. त्याचें पहिलें चित्र सायकलचे भाग बरोबर दाखविले नाहींत म्हणून नापसंत झालें. दुसरें छापलें गेलें आणि तें आज कलासंग्रहांतून जपून ठेवलेलें आहे. गंमत अशी कीं त्या चित्रांतच विजयाचें खरें रहस्य उघड दिसतें. युरेच्या पुढें वाटाड्यांची लांब सायकल आहे! शर्यत जिंकली ती त्रिकोणी कड्यांनीं नव्हे. स्वारांच्या पायांनीं आणि त्यांच्यापुढें वारा झेलणाऱ्या माणसांनीं. थोड्याच वर्षांत ती साखळी बाजारांतून नाहींशी झाली आणि साधी रुळांची साखळी जागच्या जागीं राहिली.

चमत्कार नको असला तरी साखळींत वाव होता, हें दुसऱ्या एका गृहस्थानें दाखविलें. फ्रान्समधील सेंत-एतियेन गांवचा पॉल द व्हिव्ही हा ‘व्हेलोसिओ’ ह्या टोपणनांवानें लिहीत असे. त्याचा जन्म १८५३ चा व मृत्यु १९३० चा. १८८७ सालीं त्यानें सायकलस्वारांसाठीं एक मासिक सुरू केलें आणि पुढें जन्मभर एकच गोष्ट आग्रहानें मांडली : सपाटीस एक आणि चढास एक अशा निरनिराळ्या दंतचक्रांची सोय सायकलला हवी. तो डोंगराळ मुलखांत राहणारा. चढावर सायकल हातांत धरून चालण्याचा प्रसंग त्यास नित्याचा होता. आरंभीं त्यास खालीं उतरून साखळी हातानें एका चक्रावरून दुसऱ्यावर घालावी लागे. पुढें चालत्या सायकलवर साखळीस बाजूस ढकलून एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर टाकणारी यंत्रणा निघाली. तिलाच आज सर्वत्र डिरेलर म्हणतात.

शर्यतींच्या जगांत तिला विरोध झाला. १९०३ सालीं ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज याचें मत असें कीं निरनिराळ्या गति हा पंचेचाळिशी उलटलेल्यांचा आधार. तरुणानें आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावें. त्यामुळें आल्प्स आणि पिरेनीज यांसारख्या पर्वतांच्या पायथ्याशीं स्वार खालीं उतरत, मागचें चाक सोडवून उलटें बसवीत, दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी घालीत आणि मग चढूं लागत. थंडींत बोटें गोठलेलीं असतां तें काम कसें होत असेल, याची कल्पनाच करावी. डिरेलरला त्या शर्यतींत मुभा मिळाली ती १९३७ सालीं. एकाच्या मतापायीं स्वारांच्या दोन पिढ्यांस असे कष्ट सोसावे लागले.

परंतु मुभा मिळाली त्या दिवसापासून साखळीवर एक नवें संकट आलें. रेनॉल्डची साखळी सरळ रेषेंत धांवण्यासाठीं केलेली होती. आतां तिनें बाजूस वांकावें, तिरपें धांवावें आणि चालतां चालतां उडी मारून शेजारच्या चक्रावर बसावें, अशी अपेक्षा झाली. मागें तीन चक्रें होतीं तीं चार झालीं, मग पांच, सहा, सात आणि आठ. आज शर्यतीच्या सायकलींवर बारा चक्रें सर्रास असतात. चाकाच्या आंसावरील जागा मात्र त्या मानानें फारशी वाढली नाहीं. तेव्हां चक्रें एकमेकांजवळ आलीं आणि साखळी अरुंद होत गेली. आठ चक्रांपर्यंतच्या साखळीची बाहेरची रुंदी सुमारें ७·१ मिलिमीटर असते. नऊ चक्रांसाठीं ६·६, दहांसाठीं ५·९, अकरांसाठीं ५·५ आणि बारांसाठीं सुमारें ५·३.

ह्या प्रवासांत साखळीच्या पोटांतहि फरक झाला. १९८० च्या सुमारास सेदी ह्या फ्रेंच कारखान्यानें रेनॉल्डची ती नळीच काढून टाकली. तिच्याऐवजीं आंतल्या पट्ट्यांच्या भोंकांना दाबून लहान काठ उठविले. दोन्ही बाजूंचे काठ मिळून अर्धवट नळीचें काम करूं लागले. साखळी बाजूस अधिक सहज वांकूं लागली, हलकी झाली, आणि मधल्या फटींतून तेल खिळ्यापर्यंत पोंचूं लागलें. जपानच्या शिमानो कंपनीनें पुढें दांत्यांना विशिष्ट आकार व उतार देऊन साखळीची उडी अधिक गुळगुळीत केली. ह्याच कंपनीनें एकदां अर्ध्या इंचाचीच सत्ता झुगारून पाहिली. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत तिनें १० मिलिमीटर पावलाची साखळी आणि तिच्या जोडीचीं चक्रें काढलीं. कल्पना वाईट नव्हती. सामान लहान व हलकें होत होतें. पण सबंध जगांतील चक्रें अर्ध्या इंचाचीं असतां एकट्यानें निराळें पाऊल टाकून भागत नाहीं. तो प्रयोग मागें घ्यावा लागला. रुंदी घटली, नळी गेली, पट्ट्यांचे आकार बदलले. अर्धा इंच तेवढा हलला नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळतां येईल. ‘साखळी ताणली गेली’ असें लोक म्हणतात. तें खरें नव्हे. पोलादी पट्ट्या पायाच्या जोरानें ताणल्या जात नाहींत. झिजतात ते सांधे. साखळीच्या एका फेऱ्यांत प्रत्येक सांधा पुढच्या चक्रावर चढतांना व उतरतांना आणि तसाच मागच्या चक्रावर चढतांना व उतरतांना वांकतो. डिरेलर असेल तर त्याच्या दोन लहान चाकांवर आणखी. प्रत्येक वेळीं खिळा आपल्या घरांत थोडा फिरतो, आणि धूळ व तेल यांचें कालवण तेथें कानशीचें काम करतें. समजा, प्रत्येक सांध्यांत सहा शतांश मिलिमीटर, म्हणजे मनुष्याच्या केंसाच्या जाडीएवढी, झीज झाली. एक सांधा पाहिला तर डोळ्यांस कांहींच दिसणार नाहीं. परंतु साखळींत असे शंभरांहून अधिक सांधे असतात. ती सबंध साखळी सहा-सात मिलिमीटरांनीं लांब होते. साखळीचें पाऊल आतां अर्ध्या इंचाचें राहिलें नाहीं. चक्राचे दांते मात्र अर्ध्या इंचावर कापलेले आहेत.

दोघांचें पाऊल जुळेनासें झालें म्हणजे काय होतें? रूळ दांत्यांच्या तळाशीं बसण्याऐवजीं वर चढून बसतो. सारा भार अनेक दांत्यांवर वांटला जाण्याऐवजीं थोड्याच दांत्यांवर येतो. तेहि झिजतात आणि कालांतरानें लांब झालेल्या साखळीस जुळतील असे आंकड्यासारखे वांकडे होतात. येथें एक फसवें दृश्य दिसतें. जुनी साखळी आणि जुनीं चक्रें दोघेंहि एकमेकांस सांभाळून घेत चालत राहतात, आणि स्वारास वाटतें कीं सर्व कांहीं ठीक आहे. मग एके दिवशीं तो हौसेनें नवी साखळी आणून चढवितो आणि पहिल्याच चढावर ती घसरते. दुकानदारानें खोटा माल दिला असा त्याचा ग्रह होतो. प्रत्यक्षांत नवी साखळीच खरी असते; तिचें पाऊल बरोबर अर्ध्या इंचाचें असतें. खोटीं झालेलीं असतात तीं चक्रें. तेव्हां एका साखळीच्या जागीं मागचा सबंध चक्रसंच, आणि कित्येकदां पुढचें चक्रहि, बदलण्याची पाळी येते. नखानें होणाऱ्या कामास कुऱ्हाड लागते ती अशी.

म्हणून पहिलें काम मोजण्याचें. आणि त्यासाठीं एक फुटाहून लांब, इंचांच्या खुणा असलेली पोलादी पट्टी पुरेशी होते. साखळी सायकलवरच ताणून धरावी आणि पट्टीची आरंभींची खूण एका खिळ्याच्या मध्यावर ठेवावी. तेथून चोविसावा खिळा नव्या साखळींत बरोबर बारा इंचांवर येतो. तो एक सोळांश इंच पुढें गेला असेल तर झीज सुमारें अर्धा टक्का झाली. साखळी बदलण्याची हीच योग्य वेळ. अकरा व बारा चक्रांच्या अरुंद साखळ्यांस तर ह्यापुढें मुळींच थांबूं नये. तो एक अष्टमांश इंच पुढें गेला असेल, तर झीज एक टक्क्यावर गेली आणि बहुधा चक्रांचेंहि नुकसान होऊन चुकलें.

दुसरें काम निवडीचें. किंमत किंवा चकाकी पाहण्यापूर्वीं मागच्या चाकावरील चक्रें मोजावीं, आणि तितक्या चक्रांसाठीं केलेलीच साखळी घ्यावी. रुंद साखळी शेजारच्या चक्रास घासते. फाजील अरुंद साखळी नीट चढत-उतरत नाहीं. आठ चक्रांपर्यंत एकमेकांच्या साखळ्या बहुधा चालतात. बारा चक्रांच्या कांहीं संचांस मात्र त्यांचीच खास साखळी लागते. एकाच चक्राच्या साध्या सायकलला आंतून एक अष्टमांश इंच रुंदीची साखळी लागते, ती शर्यतीच्या सायकलला चालत नाहीं. निकेलाचा मुलामा गंजापासून रक्षण करतो. पोकळ खिळे थोडें वजन वांचवितात. पण सिंप्सनच्या त्रिकोणांची आठवण ठेवावी हें बरें. स्वच्छ, तेल दिलेली साधी साखळी स्वाराच्या श्रमांपैकीं शेंकडा ९८ च्या आसपास भाग चाकापर्यंत पोंचविते. उरलेल्या दोनांतून चमत्कार तो किती निघणार?

तिसरें काम चढविण्याचें. येथें पुष्कळ जण जुनी साखळी नवीशेजारीं लोंबती धरून नवी तेवढीच लांब कापतात आणि फसतात. कारण जुनी झिजून लांब झालेली असते. लांबी पाहूं नये, कड्या मोजाव्या. जुन्या साखळीचीच लांबी चुकीची असल्याचा संशय असेल, तर नवी साखळी डिरेलरमधून न नेतां पुढचें सर्वांत मोठें आणि मागचें सर्वांत मोठें चक्र यांवरून फिरवावी. टोकें जेथें मिळतात त्यापुढें आणखी एक इंच, म्हणजे दोन कड्या, ठेवून कापावी. आंतली कडी आणि बाहेरची कडी एकाआड एक येत असल्यानें तोडतांना टोकें जुळतील असें पाहावें. मग डिरेलरच्या दोन लहान चाकांमधून साखळी नेतांना मधल्या छोट्या पत्र्याच्या कोणत्या बाजूनें ती जाते हें जुनी काढण्यापूर्वींच पाहून ठेवावें; घाईंत होणारी चूक बहुधा येथेंच होते.

जोड हा साखळीचा सर्वांत नाजूक भाग. जाड साखळीच्या काळीं कारागीर खिळा अर्धवट बाहेर काढून पुन्हा तोच आंत ठोकीत आणि ती साखळी वर्षानुवर्षें चाले. आजच्या अरुंद साखळींत खिळ्याचीं टोकें कारखान्यांतच फुलविलेलीं असतात. एकदां ढकलून काढलेला खिळा पुन्हा तितका घट्ट बसत नाहीं आणि नेमका चढावर सुटतो. म्हणून कंपनीनें दिलेला नवा जोडखिळा वापरावा, किंवा त्याच रुंदीची जोडकडी. जोडकडी बसविल्यावर ती साखळीच्या वरच्या पदरांत आणावी, मागचा ब्रेक धरावा आणि पायडलावर भार द्यावा. ‘टक्’ असा आवाज होऊन ती जागेवर बसते. कांहीं अरुंद जोडकड्या एकदां उघडल्यावर पुन्हा वापरावयाच्या नसतात. जुन्या पद्धतीच्या एकचक्री सायकलीवरील चिमट्याच्या लॉकचें बंद तोंड साखळीच्या चालण्याच्या दिशेस असावें, हा नियम गल्लींतल्या कोणत्याहि कारागिरास पाठ असतो.

शेवटीं पायडल सावकाश उलटें फिरवून पाहावें. एखादा सांधा आंखडलेला असेल तर तो डिरेलरच्या चाकांशीं टुणकन् उडतो. तो हातानें बाजूस किंचित् वांकविला कीं मोकळा होतो. मग प्रत्येक चक्रावर भार देऊन चालवावें. एखाद्याच चक्रावर साखळी घसरत असेल तर तें चक्र झिजलें असें समजावें. पुढें प्रत्येक रुळावर तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि वरचें तेल फडक्यानें पुसून काढावें. कारण तेल हवें तें आंत, आणि बाहेर राहिलेलें तेल धुळीलाच आमंत्रण देतें.

हान्स रेनॉल्ड १९४३ सालीं वारला. त्याच्या नांवाचा कारखाना आणि त्याच्या साखळीची जात दोन्ही त्याच्यामागें टिकून राहिलीं. सायकलींत त्याची नळी बदलली, पण त्याचा हिशेब बदलला नाहीं. साखळी झिजण्यासाठींच असते. तिनें झिजावें आणि चक्रांनीं टिकावें, अशी ती वांटणी आहे. ती वेळेवर बदलली तर दुसऱ्यांची झीज ती आपल्या अंगावर घेऊन जाते. बदलली नाहीं तर आपली झीज दुसऱ्यांस वांटीत सुटते. ह्या दोहोंमधील अंतर बारा इंचांत एक सोळांश इंच आहे, आणि तें पाहण्यास एक पट्टी व दोन मिनिटें पुरतात.